काचेवरची सफेदी

ब्याऐंशीच्या गिरणी संपाला आठ महिने झाले तेव्हा कोंडीराम जगदाळेला परळच्या एका संशोधन संस्थेत रोजंदारीवर काम लागलं. काम काचा धुण्याचं. वय बेचाळीस. त्यातली एकवीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात गेलेली, त्यामुळे हात मनगटापर्यंत कधी निळे, कधी तांबडे असायचे. संपात ते हळूहळू मूळ रंगावर आले. त्याची बायको राधाबाई एकदा म्हणाली, "लग्न झाल्यापासून आज कळलं, तुमचा हात सावळा हाय ते."

वरळीच्या बीडीडी चाळीतून तो सकाळी सातला निघायचा आणि प्रभादेवीवरून, पूल ओलांडून, चालत परळला यायचा. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांची प्रयोगशाळा होती. तिच्या प्रमुख डॉक्टर कालिंदी कर्णिक. दादरला राहणाऱ्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांच्या हाताखाली मीनाक्षी नावाची टेक्निशियन होती. वरळी कोळीवाड्यातली ही मुलगी बी.एस्सी. झालेली होती आणि तिच्या तोंडाला कुलूप ठाऊक नव्हतं. कोंडीरामला ती पहिल्या दिवसापासून मामा म्हणायला लागली.

इथं कुत्र्यांचे मेंदू तपासत. कुत्रा माणसाला चावला आणि मेला किंवा मारला गेला, की तो पिसाळलेला होता का, हे ठरवायचं. मेंदूचा कण काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि त्यावर एक औषध टाकायचं. हे औषध डॉक्टरबाई स्वतः तयार करत. परदेशातून मागवलं तर यायला सहा-सहा महिने लागत आणि कस्टममध्ये पडून खराब होई, म्हणून गेली तीन वर्षं त्यांचा तोच उद्योग चालला होता.

मीनाक्षीनं एकदा कोंडीरामला समजावलं होतं. "सशाला रेबीजची लस टोचतो ना मामा, मग त्याच्या रक्तात त्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती दुसऱ्या कशाला शिवत नाहीत, फक्त रेबीजच्या विषाणूला चिकटतात. बाई ती रक्तातून वेगळी काढतात आणि त्यांना एक चमकणारा रंग जोडतात. मग ती मेंदूवर टाकायची, अर्धा तास ठेवायची आणि धुवायची. विषाणू असेल तर ती चिकटून राहतात आणि दिव्याखाली पोपटी चमकतात. नसेल तर सगळी धुवून जातात. काळोख."

"म्हंजी रंग एकाच धाग्याला धरतो," कोंडीराम म्हणाला. "सुताला धरंल तो लोकरीला धरत नाय, तसं."

"तसंच. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, मला उगाच दहा लागली."

कोंडीरामला ते काम आवडलं. संपाचे दिवस रिकामे होते. गिरणीच्या दारावर ताडपत्रीखाली बसून गप्पा तरी किती मारणार? आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तो तिकडे जायचा, आपल्या खात्यातल्या माणसांत बसायचा. उत्तम मोहिते हा त्यांचा पुढारी, कोंडीरामच्याच चाळीतला. दोघं एकाच वर्षी गिरणीत लागलेले, एकाच मुकादमाच्या शिव्या खाल्लेले. उत्तम थट्टेनं म्हणायचा, "आला बघा शास्त्रज्ञ."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काचा धुवायचा खास साबण संपला. मागणीचा कागद हापिसात गेला आणि तिथंच राहिला. कोंडीरामनं दोनदा विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, "सही झाली की येईल." साबण नाही म्हणून काचा धुतल्या नाहीत असं सांगितलं, तर रोजंदारीच्या माणसाला काय, उद्यापासून येऊ नको म्हणायला किती वेळ लागतो? त्यानं घरून राधाबाईची कपडे धुवायची पावडर पुडीत बांधून आणली. काचा लखलखीत निघाल्या. दुपारी नळाचं पाणी जायचं, तेव्हा तो घमेल्यातल्याच पाण्यात खळबळून काढायचा. मीनाक्षी एक काच खिडकीशी धरून म्हणाली, "मामा, आरशासारखी केलीत हो." त्यालाही बरं वाटलं. पावडरीचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पुढं तीन-चार आठवड्यांत डॉक्टरबाईंची मुद्रा बदलत गेली. अंधाऱ्या खोलीत त्या सूक्ष्मदर्शकाशी तासन्‌तास बसायच्या आणि बाहेर आल्या की वहीत लिहायच्या. एकदा कोंडीराम ट्रे घेऊन आत गेला तेव्हा त्या मीनाक्षीला सांगत होत्या, "ही सगळी बॅच टाकून द्यावी लागणार. सगळीकडे धुकं आहे. रंग जास्त जोडला गेलाय, तो वाट्टेल तिथं चिकटतोय."

"बाई, चार महिन्यांची बॅच आहे. सहा सशांची."

"मग काय करू? निरोगी मेंदूवर मुरवून पाहिलं, पुन्हा गाळून पाहिलं. जात नाही."

मग त्यांचं लक्ष कोंडीरामकडे गेलं. दमल्या होत्या म्हणून असेल, त्या म्हणाल्या, "कोंडीराम, तुम्ही रंगखात्यातले ना? बघा जरा, तुम्हाला काय दिसतंय."

कोंडीरामनं ट्रे ठेवला, हात पुसले आणि वाकून डोळा लावला. मीनाक्षीनं चाक फिरवून दिलं. पहिल्यांदा नुसता उजेड दिसला, मग चित्र स्थिर झालं. पोपटी ठिपके होते, पण त्यांच्या भोवती, मागं, सगळीकडे निळसर पांढरा उजेड पसरला होता, पाण्यात दूध सांडावं तसा.

हा उजेड त्याच्या ओळखीचा होता. गिरणीत घडीखात्याशेजारी एक काळी खोली होती. धुतलेल्या पांढऱ्या मालावर सफेदीचं औषध चढवत. ते सगळीकडे सारखं चढलं का, हे तिथं जांभळ्या दिव्याखाली बघत. कापड असंच निळसर पांढरं पेटायचं. आणि तेच औषध बाजारातल्या धुण्याच्या पावडरीत घालतात, म्हणून सदरा उन्हात झगझगतो, हे गिरणीतल्या कुणालाही ठाऊक होतं.

तो ताठ झाला.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"धुकं दिसतंय," तो म्हणाला आणि रिकामा ट्रे उचलून बाहेर आला.

घरी गेल्यावर त्यानं राधाबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगितलंत तर काढून टाकतील."

"हां."

"नाय सांगितलंत तर?"

"नाय सांगितलं तर पावडर बंद करायची, चांगल्या पाण्यानं धुवायच्या. धुकं जाईल. कुणाला कळायचं नाय. पण ती बाई उद्या सगळं औषध मोरीत ओतणार. औषधात काय बी खोट नसताना."

राधाबाईनं थोडा वेळ खडे काढले. "एक सांगू? तुमी गिरणीत असताना कच्चा रंग कधी पुढं ढकलला नायत. मुकादमाशी भांडलात त्यापायी. आता इथं ढकललात तर तुमालाच जेवण जाणार नाय."

सकाळी बाई यायच्या आधी त्यानं दोन कोऱ्या काचा घेतल्या. एक पावडरीनं धुतली, एक नुसत्या स्पिरिटनं पुसली. बाई आल्यावर दोन्ही त्यांच्यापुढं ठेवून म्हणाला, "बाई, या दोन काचा दिव्याखाली बघा. त्यांच्यावर मेंदू नाय, औषध नाय, काय बी नाय."

बाईंनी पाहिलं. पहिली काच कोरी असून उजळली. दुसरी काळी राहिली. त्यांनी काचा अदलाबदल करून पुन्हा पाहिल्या, मग खोलीतला दिवा लावला.

कोंडीरामनं साबणापासून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुमच्या औषधात खोट नाय. खोट माझ्या धुण्यात हाय. मला काढायचं तर काढा, पण औषध ओतू नका."

बाई रागावल्या होत्या, पण कुणावर, ते त्यांचं त्यांनाही नीट कळत नसावं. "कोरी काच दिव्याखाली बघायला हवी, हे मला सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. हे तुमचं काम नव्हतं, माझं होतं." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "केव्हापासून वापरताय ती पावडर?"

"दिवाळीच्या आदल्या आठवड्यापासनं."

बाईंनी मीनाक्षीकडे पाहिलं. मीनाक्षीनं रजिस्टर आधीच उघडलं होतं. त्या दिवसापासून अकरा कुत्र्यांचे अहवाल इस्पितळात गेले होते.

दर तपासणीला दोन ओळखीच्या काचा शेजारी ठेवायची पद्धत होती, एक पिसाळलेल्या जनावराची आणि एक निरोगी. पण ओळखीच्या आजारी मेंदूत विषाणू इतका ठासून भरलेला असतो, की धुक्यातूनही त्याचा पोपटी उजेड फुटतोच. म्हणून धुकं असूनही अहवाल बरोबरच वाटत राहिले. जिथं विषाणू थोडा असेल, तिथले बारीक ठिपके त्या सफेदीत बुडाले असतील तर? खात्रीसाठी प्रत्येक मेंदूचा अंश उंदरांनाही टोचलेला होता, पण उंदरांचा निकाल यायला तीन-चार आठवडे लागतात.

अकराही मेंदू बर्फाच्या कपाटात होते. कोंडीरामनं नव्या काचा स्पिरिटनं पुसल्या, वाहत्या पाण्यानं धुतल्या आणि प्रत्येक काच दिव्याखाली काळी दिसल्याशिवाय पुढं दिली नाही. मीनाक्षीनं मेंदू पसरले. बाईंनी तेच औषध, जे मोरीत जाणार होतं, ते त्यांवर टाकलं. दुपारी तीनपर्यंत दहा काचा पाहून झाल्या, अहवाल होते तसेच निघाले. अकरावी पाहताना बाई बराच वेळ वाकून राहिल्या. मग बाजूला झाल्या आणि मीनाक्षीला म्हणाल्या, "तू बघ." मीनाक्षीनं पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

काळ्याभोर अंधारात पोपटी धूळ होती. थोडी, पण स्वच्छ.

हा अहवाल बारा दिवसांपूर्वी गेला होता. "कुत्रा निरोगी." चावलेल्या माणसाचं नाव, दगडू रामा शिंदे. वय तीस. पत्ता, लोहारगल्ली, चिंचपोकळी. बाईंनी इस्पितळात फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, पोटात चौदा इंजेक्शनं द्यायची होती, पाच झाली, आणि अहवाल आल्यावर बंद केली. आता पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागतील, शिवाय तयार प्रतिपिंडांचं सीरमही. माणसाला आजच्या आज आणा. त्याला पोस्टकार्ड टाकतो आम्ही.

बाईंनी फोन ठेवून हे सांगितलं. "कार्ड?" कोंडीराम म्हणाला. "कार्ड पोचंस्तवर तीन दिस जातील. मी जातो. चिंचपोकळी माझ्या पायाखालची हाय."

बाईंनी संस्थेच्या कागदावर चिठ्ठी लिहिली आणि त्या स्वतः सीरमची व्यवस्था बघायला इस्पितळात गेल्या.

लोहारगल्लीत पंधरा-वीस बारकी वर्कशॉपं होती आणि टोकाला सुंदराबाईची खानावळ. पूर्वी तिच्याकडे साठ माणसं जेवायची, सगळी गिरणीतली. आता पाटावर सातजण होते. कोंडीरामनं दगडूचं नाव घेतल्यावर तिनं परात खाली ठेवली.

"इथंच चावला त्याला, माझ्या दारात. पिंढरीला. काय झालं?"

"तो कुठाय?"

सुंदराबाईनं आवाज उतरवला. "आत गेला."

आत म्हणजे गिरणीत. संप मोडून कामावर जाणाऱ्यांना मालक बाहेर सोडत नसत. मार पडू नये म्हणून आतच झोपायला आणि जेवायला देत. "गावाकडनं पत्र आलं, पोरगी आजारी म्हणून," सुंदराबाई म्हणाली. "आठ दिस झाले जाऊन. मला सांगितलं, मावशी, कुणाला बोलू नको. आता तुमी विचारलं म्हणून."

"कंच्या गिरणीत?"

तिनं नाव सांगितलं. ती कोंडीरामचीच गिरणी होती.

गिरणीच्या दाराशी ताडपत्रीखाली नेहमीची माणसं बसली होती. कोंडीराम आला म्हणून दोघं सरकले, त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही.

"उत्तम, मला आत जायचंय."

उत्तमला आधी थट्टाच वाटली. मग त्यानं कोंडीरामचं तोंड पाहिलं आणि उभा राहिला. कोंडीरामनं सगळं सांगितलं. कुत्रा, काच, अहवाल, दगडू.

"दगडू शिंदे," उत्तम म्हणाला. "आठ दिवसांपूर्वी पहाटेच्याला मागल्या भिंतीवरनं आत गेला तो. आमच्या लेखी तो मेला."

"मेला असता तर मी आलो नसतो. अजून जिता हाय."

"चिठ्ठी दे वॉचमनकडं."

"दगडूला वाचता येत नाय. आणि आतले लोक त्याला वाचून दाखवतील? एक कामगार कमी व्हायचा त्यांचा."

"कोंड्या, एकदा त्या दारातनं आत गेलास की गेलास. उद्या मी चाळीत काय सांगू?"

"जे झालं ते सांग," कोंडीराम म्हणाला आणि दाराकडे वळला. मागून कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला. कोण, ते बघायला तो वळला नाही.

वॉचमननं त्याला ओळखलं. "रंगखातं ना? या या, फार दिवस लावलेत." कोंडीराम म्हणाला, मला एका माणसाला भेटायचंय, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. टाइमकीपर बाहेर आला. त्यानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "बाहेरच्या माणसाला आत सोडायची ऑर्डर नाय. कामावर येणाऱ्यालाच सोडतो. तुम्ही इथलेच आहात. या वहीत सही करा आणि खुशाल जा, ज्याला भेटायचं त्याला भेटा."

वही उघडून त्यानं पुढं सरकवली. वर लिहिलं होतं, 'कामावर रुजू झालेले कामगार'. खाली चाळीसेक नावं होती. कोंडीरामनं ती वाचली. त्यात दोन-तीन नावं अशी होती की वाचून त्याला वाईट वाटलं. संप लागला त्या दिवशी तो याच दारातून उत्तमच्या खांद्याला खांदा लावून बाहेर पडला होता. अकरा महिने होत आले होते. राधाबाईच्या माहेराहून तांदूळ आले, थोरल्या पोरानं शाळा सोडली, पण या वहीचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

त्यानं सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

दगडू सुताच्या गठ्ठ्यांच्या गोदामात सापडला. गोधडी अंथरून बसला होता. कोंडीरामला बघून तो भिंतीला टेकला. "मला न्यायला पाठवलंय तुमाला," तो म्हणाला. "बाहेर नेऊन ठोकायला. मी येणार नाय."

"तुला कुत्रा चावला होता."

"तो कुत्रा चांगला होता. डॉक्टरनं कागद दाखवला. इंजेक्शनं बंद केली."

"तो कागद चुकला."

"कागद कसा चुकंल? सरकारी शिक्का होता त्याच्यावर."

कोंडीराम त्याच्यासमोर उकिडवा बसला. प्रतिपिंडं, विषाणू, पोपटी उजेड, यातलं या माणसाला काय कळणार? शेवटी त्यानं खरं होतं तेच सांगितलं.

"हे बघ दगडू. त्या कुत्र्याच्या मेंदूची काच मी धुतली होती. मी. साबण नव्हता म्हणून घरची धुण्याची पावडर वापरली. तिची सफेदी काचेला राहिली आणि त्या सफेदीपायी त्यांना रोग दिसला नाय. आज स्वच्छ काचेवर बघितलं, तर दिसला. माझ्या हातनं झालं हे. तुला ठोकायला आलो असतो, तर असली गोष्ट रचली नसती. स्वतःचं नाव कोण घालतंय असल्यात?"

दगडू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पायजमा वर केला आणि पिंढरीकडे पाहिलं. जखम भरत आली होती, चार दातांच्या चार खुणा. "परवापासनं तिथं मुंग्या येतात," तो हळूच म्हणाला. "थंडीमुळं असंल म्हटलं."

कोंडीराम उठला आणि त्याला हात दिला. "चल," तो म्हणाला.

कुत्रा पिसाळलेला होता हे ऐकून टाइमकीपरनं अडवलं नाही. दोघं दारातून बाहेर आले तेव्हा ताडपत्रीखालची सगळी माणसं उभी होती. दगडूची चाल अडखळली. त्याचा दंड कोंडीरामनं धरून ठेवला होता. उत्तम दोन पावलं पुढं आला. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो बाकीच्यांकडे वळून एवढंच म्हणाला, "जाऊ द्या. दवाखान्यात चाललेत."

इस्पितळात डॉक्टरबाई दाराशीच उभ्या होत्या. दगडूला सीरम दिलं, पोटात पहिलं इंजेक्शन दिलं. मुंग्यांचं ऐकून तिथले डॉक्टर गंभीर झाले. आता काही सांगता येत नाही, एवढंच म्हणाले. बाईंनी दगडूला हात जोडले. "चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे," त्या म्हणाल्या. एवढ्या शिकलेल्या बाईनं हात जोडलेले दगडूनं पूर्वी कधी पाहिले नव्हते. तो म्हणाला, "असू द्या, असू द्या."

मग तेरा दिवस रोज जायचं होतं. दगडू एकटा रस्त्यावर यायला घाबरायचा. सुंदराबाईनं त्याला खानावळीच्या माळ्यावर झोपायला जागा दिली आणि कोंडीराम दुपारच्या सुट्टीत त्याला घेऊन इस्पितळात जायचा. चिंचपोकळीहून परळला जायचा सरळ रस्ता गिरणीच्या दारावरूनच होता. कोंडीराम त्याच रस्त्यानं न्यायचा. लपून मागच्या गल्लीनं नेलं असतं, तर खोटं केल्यासारखं दिसलं असतं.

पहिले काही दिवस ताडपत्रीखालून शिव्या आल्या. एकदा खडा आला, कोंडीरामच्या पाठीला लागला. चाळीत त्याच्याशी बोलणं जवळपास बंद झालं होतं. वहीतल्या सहीची बातमी त्याच दिवशी पोचली होती. नळावर एक बाई राधाबाईला म्हणाली, "तुमचं काय, तुमचे मालक आत गेले." राधाबाई कळशी उचलत म्हणाली, "गेले आणि आले. येताना एक माणूस घेऊन आले. तुमच्यातलं कुणी आणलं का?"

आठव्या दिवशी दगडूचं पोट सुजून लाल झालं होतं. तो पोटाला धरून, वाकून चालत होता. ताडपत्रीपाशी आले तेव्हा उत्तम रस्त्याच्या कडेला उभा होता.

"कितवं?" त्यानं विचारलं.

"आठवं," कोंडीराम म्हणाला.

उत्तमनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी शिव्या आल्या नाहीत.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतले उंदीर पडले. दगडूच्या कुत्र्याचा मेंदू टोचलेले सहाही उंदीर आधी लुळे झाले, मग मेले. बाईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि तिच्याखाली अहवाल कसा चुकला ते पानभर लिहिलं. त्यात कोंडीरामचं नाव कुठं नव्हतं. 'कोरी काच तपासली नव्हती', असं होतं, आणि खाली सही त्यांची. तेव्हापासून रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी एक कोरी काच दिव्याखाली बघायची, असा नियम झाला. बघायची कोंडीरामनं.

चौदा इंजेक्शनं झाली. मुंग्या एका रात्रीत गेल्या नाहीत. आज आहेत का, आज कमी का, असं करत जानेवारी संपला. कोंडीराम रोज त्याला पाणी प्यायला लावायचा. घोट घशातून सरळ उतरताना दिसला की मगच कामाला जायचा. पाणी घशाखाली न उतरणं ही त्या रोगाची खूण, हे त्याला मीनाक्षीनं सांगितलं होतं. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको. दगडू गावाला गेला. पुन्हा गिरणीत आला नाही. दोन वर्षांनी सुंदराबाईकडून कळलं, त्याला दुसरी मुलगी झाली.

एप्रिलमध्ये गिरणीचं पत्र कोंडीरामला आलं. वहीत ज्यांची सही होती, त्यांना आधी बोलावत होते. रंगखात्यात जागा होती. चाळीतल्या सगळ्यांना पोस्टमनकडून कळलं होतं आणि कोंडीराम काय करतो याकडे सगळ्यांचे डोळे होते. तो पत्र घेऊन गिरणीच्या हापिसात गेला. "माझी सही कामासाठी नव्हती," तो म्हणाला. "वहीतलं नाव खोडा." कारकून म्हणाला, असं खोडता येत नाही, आणि खोडलं तर तुम्हाला पुन्हा कधी घेणार नाहीत. कोंडीराम म्हणाला, "तसं लिहून द्या." अर्धा दिवस बसून राहिल्यावर नावावर रेघ मारून मिळाली. याबद्दल तो चाळीत एक शब्द बोलला नाही. उत्तमला ते कळायला पावसाळा उजाडला. कळल्यावर एका रविवारी तो गॅलरीतून चालत आला, कोंडीरामच्या दाराशी थांबला आणि राधाबाईला म्हणाला, "वहिनी, चहा हाय का?" त्या दिवशी दोघांत फारसं बोलणं झालं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

पंचाऐंशी साली संस्थेनं कोंडीरामला कायम करायचं ठरवलं. हेडक्लार्कनी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, शिक्षण सातवी, मागची नोकरी, गिरणी, एकवीस वर्षं. पुढला रकाना होता, 'आधीची नोकरी सोडण्याचं कारण'.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"संप," कोंडीराम म्हणाला.

हेडक्लार्कनी पेन थांबवलं. "अहो, पण संप मिटला ना आता?"

ताडपत्री कधीची निघाली होती. उत्तम दादरला भाजी विकत होता. निम्म्या गिरण्या चालू होत्या, निम्म्यांना टाळं होतं.

"मिटला असंल," तो म्हणाला. "मला कुणी कळवलं नाय. तुमी संपच लिहा."